मागे कोण थांबणार, तेवढं सांगा

नेटवर्कच्या धंद्यात इतकी वर्षं घालवली, पण "आमचं काम निवांत चालतं, आम्हाला मागे टाका" असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. अकाउंट्सला पुढचा नंबर हवा, कारण जीएसटीची तारीख तोंडावर आहे. एचआरला हवा, कारण पगार काढायचे आहेत. सीसीटीव्हीवाल्याला हवा, कारण सिक्युरिटी. सेल्सला हवा, कारण ते सेल्स आहेत. त्यांना कारण लागत नाही. मग या सगळ्या मागण्या गोळा करून आयटी मॅनेजर एक एक्सेल शीट पाठवतो. डावीकडे अ‍ॅप्लिकेशनची नावं, उजवीकडे प्रायॉरिटी: हाय, हाय, क्रिटिकल, हाय, व्हेरी हाय. तळाशी इंटरनेट ब्राउझिंग, मीडियम. 'लो'ला त्या शीटमध्ये थारा नाही. आणि मेलमध्ये एकच ओळ: प्लीज कॉन्फिगर क्यूओएस अ‍ॅज पर अटॅच्ड.

करतो की. सगळेच हाय असले की स्विचवर काय करायचं असतं ते मला पक्कं माहीत आहे: काहीही नाही. आहे तसं चालू द्यायचं आणि बिल लावायचं. फरक कुणालाही कळणार नाही, कारण तो पडणारच नाही. या पद्धतीने बिलं लावणारी मंडळी पुण्यात सुखाने नांदत आहेत.

स्विचचा पोर्ट एका वेळी एकच पॅकेट तारेवर सोडतो. बाकी सगळं ब्रोशर आहे. १ जीबीपीएसच्या पोर्टातून १,५०० बाइट्सचं पॅकेट बाहेर पडायला १२ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी बफरमध्ये, म्हणजे स्विचच्या तुटपुंज्या मेमरीत, ताटकळायचं असतं. बफर भरला की पुढचं येणारं पॅकेट सरळ फेकून दिलं जातं. कुणाला मेल जात नाही, लाल दिवा लागत नाही. एक काउंटर एकने वाढतो, आणि तो काउंटर बघायची सवय कुणालाच नाही. पोर्टामागे चार किंवा आठ रांगा असतात. कुठल्या रांगेतलं पॅकेट आधी उचलायचं आणि जागा संपली की कुणाला फेकायचं, एवढंच क्यूओएसच्या, म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिसच्या, हातात असतं. तारेची क्षमता त्याने एका बिटानेही वाढत नाही. तुमचं पॅकेट लवकर गेलं तर दुसऱ्या कुणाचं तरी उशिरा गेलं. तुमचं वाचलं तर दुसऱ्याचं पडलं. म्हणून प्रायॉरिटी मागायला येणाऱ्याला मी एकच विचारतो: कुणाच्या जिवावर? यावर मीटिंगमधले सगळे एकदम मोबाइल बघायला लागतात.

अशा वेळी एखादा समतेचा कैवारी उठतो. कशाला या भानगडी, म्हणतो, सगळ्यांना एकच रांग ठेवा, जो आधी येईल तो आधी जाईल. ऐकायला गोड आहे. पण एकाच रांगेत जो जास्त ओततो तोच जास्त जागा बळकावतो. आयपी फोन दर २० मिलिसेकंदांनी एक छोटंसं पॅकेट पाठवतो, सेकंदाला ५०, आणि त्याच रांगेत फाइल कॉपी करणारा पीसी एका दमात शेकडो मोठी पॅकेट्स आणून ओततो. फोनचं पॅकेट त्या सगळ्यांच्या मागे. एका रांगेची ही समता हावरटाला बक्षीस देते आणि सभ्य माणसाला शिक्षा. ही काही माझी अक्कल नाही. जॉन नेगल यांनी १९८५ साली, आरएफसी ९७० या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात, हे स्वच्छ मांडून ठेवलं आहे: प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करा आणि आळीपाळीने एकेक पॅकेट उचला, म्हणजे जो जास्त ओतेल त्याचीच रांग लांबेल आणि भुर्दंडही त्यालाच. त्यात एक खोट होती. मोठी पॅकेट्स पाठवणारा एका पाळीत जास्त बाइट्स घेऊन जातो. ती खोट स्वस्तात दूर केली ती १९९५ साली श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांच्या 'डेफिसिट राउंड रॉबिन'ने. प्रत्येक रांगेला दर पाळीला ठरावीक बाइट्सचा शिधा द्यायचा, पॅकेट त्यात बसलं नाही तर शिल्लक पुढच्या पाळीसाठी जमा ठेवायची. बस्स. हे वर्गीस आपल्या पवईच्या आयआयटीचे. त्यांची युक्ती आणि तिची भावंडं आज कितीतरी स्विचांच्या पोटात आहेत, आणि पवईपासून हाकेच्या अंतरावरच्या ऑफिसांमध्ये ती वापरायची सोडून साहेबाला सर्वांत वरच्या रांगेत बसवण्याचे उद्योग चालू आहेत.

त्याच नेगल यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती आजही दर तीन महिन्यांनी एखादा सेल्समन विसरायला लावतो. स्विचमध्ये मेमरी अमर्याद असली तर काय होईल, असा प्रश्न त्यांनी घेतला. उत्तर आलं: काही सुधारणार नाही. पॅकेटला आयुष्य असतं. रांग इतकी लांबेल की पुढे पोचेपर्यंत पॅकेट शिळं झालेलं असेल, आणि शिळी पॅकेट्स फेकण्यातच स्विचचा जन्म जाईल. हे लिहिल्याला वर्षसुद्धा होत नाही तोच, १९८६ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातलं नेटवर्क बसलं. दोन ठिकाणांत अंतर ४०० यार्ड. वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. हजार नाही, नुसते चाळीस. पॅकेट पोचलं नाही म्हणून सगळे तेच पुन्हा पाठवत होते, त्यामुळे गर्दी वाढत होती, त्यामुळे आणखी पॅकेट्स पोचत नव्हती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर जो उतारा मांडला तो मुळात एवढाच होता: पॅकेट पडलं की समजा गर्दी आहे, आणि आपला वेग आपणच कमी करा. म्हणजे पॅकेट पडणं हा इशारा आहे. इंटरनेट त्या इशाऱ्यावर उभं आहे.

आता या इशाऱ्याचा गळा कसा दाबायचा? मोठा बफर घालून. पॅकेट पडतच नाही, नुसतं पडून राहतं. पाठवणाऱ्याला वाटतं रस्ता मोकळा आहे, आणि तो आणखी ओततो. ड्रॉप शून्य, आणि व्हिडिओ कॉलवरचा माणूस प्रश्न विचारल्यावर दोन सेकंदांनी मान हलवतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमाराला या रोगाला बफरब्लोट म्हणायला सुरुवात केली. त्यावर औषधही निघालं. कॅथलीन निकोल्स आणि त्याच जेकबसन यांचं कोडेल, २०१२ चं. रांग किती लांब आहे ते ते बघत नाही. पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतं. सतत १०० मिलिसेकंद जर प्रत्येक पॅकेटला ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबावं लागत असेल, तर पॅकेट्स टाकायला लागतं. वेळेवर एखादं टाकून पुढची शेकडो वाचवतं. पण हे विकायला कुणाला जमणार? "आमचा बॉक्स पॅकेट जास्त शहाणपणाने फेकतो" अशी जाहिरात करून बघा. "डीप बफर" म्हटलं की पर्चेसच्या डोळ्यांत चमक येते. बफर खोल, म्हणजे पैसे वसूल.

याच्या बरोबर उलट टोकाचे शहाणे वेगळे. त्यांचं म्हणणं, बँडविड्थ आता मातीमोल झाली आहे, लिंक मोठी घ्या, प्रायॉरिटीची गरजच काय. पुरावा म्हणून ते ग्राफ दाखवतात. बघा, अपलिंक वीस टक्क्यांच्या वर कधी गेलीच नाही. हा ग्राफ पाच मिनिटांच्या सरासरीचा असतो. आता सर्व्हरकडून १० जीबीपीएसची तार येते आणि पुढचा पोर्ट १ जीबीपीएसचा आहे. सर्व्हर पूर्ण वेगाने ओतायला लागला की त्या पोर्टाच्या बफरमध्ये सेकंदाला ९ गिगाबिट साठतात. पोर्टाच्या वाट्याला १ एमबीचा बफर आला असेल, आणि तो बराच उदार स्विच झाला, तर तो भरायला एक मिलिसेकंदही लागत नाही. पाच मिनिटांत असे तीन लाख मिलिसेकंद असतात. त्यातले काही शंभर भरून वाहिले, तर ग्राफच्या रेषेला सुरकुतीही पडत नाही. ग्राफ हिरवा, एसी केबिन थंड, आणि खाली ईआरपी स्क्रीन अडकली म्हणून स्टोअरवाला शिव्या घालतोय. लिंक मोठी घेतली की अरुंद जागा नाहीशी होत नाही, पुढे सरकते. कुठेतरी जाड तार बारीक तारेला भेटणारच, आणि तिथे रांग लागणारच. तेव्हा टक्के दाखवू नका. ड्रॉपचे काउंटर दाखवा, रांगेनुसार, पोर्टनुसार. ते नसतील तर बोलू नका.

चाकणच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, पोट त्यावर चालतं. तक्रार अशी, की गेटवरच्या आणि रिसेप्शनच्या फोनवर आवाज तुटतो. फोनवाला येऊन गेला होता, त्याने केबलवर खापर फोडलं. केबलवाला येऊन गेला होता, त्याने फोनवर. मी रिसेप्शनला खुर्ची टाकून बसलो. तिथल्या मॅडमना समोरच्याचं स्वच्छ ऐकू येत होतं, समोरच्याला मात्र यांचं अर्धंमुर्धं. "हॅलो, आता येतोय का आवाज?" हे त्यांचं दिवसभराचं पालुपद झालं होतं. म्हणजे येणारी दिशा ठीक, जाणाऱ्या दिशेला घोळ. त्या मजल्यावरच्या स्विचच्या अपलिंकवर रांगांचे काउंटर काढले. साध्या रांगेत ड्रॉप शून्य. आवाजासाठी राखलेली जी सर्वांत वरची रांग, तिच्यात मात्र दर रिफ्रेशला आकडा हजारांनी पुढे.

वरच्या रांगेत कसे ड्रॉप होतील, असं विचारणाऱ्यांसाठी: सर्वांत वरच्या रांगेला मोकाट सोडलं तर ती रिकामी होईपर्यंत खालच्या कुणालाही तार मिळत नाही, खालचे उपाशी मरतात. म्हणून शहाणा माणूस तिला कुंपण घालतो. इथे लिंकच्या दहा टक्क्यांचं होतं, म्हणजे १०० एमबीपीएस. साध्या जी.७११ कोडेकचा एक कॉल इथरनेटवर एका दिशेने जेमतेम ८७ केबीपीएस खातो. त्या कुंपणात हजारावर कॉल आरामात बसतात. कारखान्यात फोन पन्नाससुद्धा नव्हते. मग कुंपण भरलं कुणी? कॉन्फिगरेशन वाचत गेलो तर एका पोर्टाच्या वर्णनात 'एमडी केबिन', आणि त्याच्याखाली ओळ: या पोर्टावरून जे येईल त्यावर ४६ चा शिक्का मारा. ४६ हा आवाजाचा शिक्का. माझ्याआधीच्या कुणा पुण्यवंताने साहेबांना खूश करण्यासाठी त्यांचा सगळा लॅपटॉप आवाजाच्या रांगेत बसवला होता. आणि साहेब नव्या शेडचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ सर्व्हरवर कॉपी करत होते. कुंपणाला धडकून पॅकेट्स पडत होती, आणि पडणारं पॅकेट व्हिडिओचं की मॅडमच्या आवाजाचं, हे कुंपण बघत नाही. व्हिडिओचं पडलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतं. आवाजाचं पडलं ते गेलं.

हुद्द्याप्रमाणे पॅकेट सोडायची ही खोड मात्र आपली एकट्याची नाही, हे कबूल करायला हवं. १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये आयपी पॅकेटच्या डोक्यावर तीन बिट प्रायॉरिटीसाठी ठेवले आहेत, आणि त्यातल्या पायऱ्यांची नावं वाचा: रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड. ही नावं अमेरिकन लष्करी दळणवळणातली. त्यांच्या ऑटोव्हॉन टेलिफोन जाळ्यातल्या फोनवर नेहमीच्या बारा बटणांशेजारी आणखी चार बटणं असायची, याच हुद्द्यांची. वरचं बटण दाबलं की खालच्याचा चालू कॉल तोडून लाइन मिळायची. पण लष्कराने त्यात एक गोष्ट चोख केली होती, जी आमच्या ऑफिसांना झेपत नाही. बहुतेक सगळे फोन रूटीन होते, आणि रूटीनवाल्याला ते माहीत होतं. १९९८ मध्ये आरएफसी २४७४ ने ते बिट मोडून सहा बिटांचा डीएससीपी आणला (मघाचा ४६ त्यातलाच), हुद्दे जाऊन वागणूक आली: याला उशीर चालत नाही, याला नुकसान चालत नाही, याला दोन्ही चालतं. कागदावर हुद्दे गेले त्यालाही आता पंचवीस वर्षं उलटून गेली. चाकणला अजून बातमी पोचायची आहे.

माझं खरं भांडण इथे आहे. महत्त्व आणि घाई या दोन गोष्टी लोक एकाच रकान्यात कोंबतात. कंपनीतला सर्वांत महत्त्वाचा ट्रॅफिक कुठला? रात्रीचा बॅकअप. रॅन्समवेअर येऊन सगळा डेटा कुलूपबंद झाला की त्याची आठवण काढून रडाल. पण त्याला घाई आहे का? तासभर उशिरा संपला तर कुणाचं काय बिघडतं? आणि "चहा घेतला का?" या फोनवरच्या वाक्याला काडीचं महत्त्व नाही, तरी ते कानात पोचायला एका दिशेने १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये असं आयटीयूच्या जी.११४ शिफारशीत लिहिलेलं आहे, कारण त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. म्हणजे चहाचं वाक्य वरच्या रांगेत आणि कंपनीचा प्राण खालच्या रांगेत. हे मान्य करताना बॅकअपवाल्याचा चेहरा असा होतो, जणू त्याचं डिमोशन केलं.

एक वर्ग असाही आहे ज्याला हे काहीच समजून घ्यायचं नसतं, ऑडिटच्या चेकलिस्टवर 'क्यूओएस इनेबल्ड: येस' एवढंच हवं असतं. त्यांच्यासाठी एक इशारा. सिस्कोच्या जुन्या कॅटालिस्ट ३५६० आणि ३७५० मालिकेत 'एमएलएस क्यूओएस' ही एक ओळ टाकली की काम झालं असं वाटतं. झालेलं असतं वेगळंच. ती ओळ टाकेपर्यंत पोर्टाचा बफर सगळ्यांना मिळून असायचा. टाकल्यावर त्याचे चार रांगांत समान वाटे पडतात. आणि पोर्टावर वेगळं सांगितलं नसेल, तर येणाऱ्या पॅकेटवरचा शिक्का पुसून शून्य होतो. सगळी पॅकेट्स शून्याची, म्हणून सगळी एकाच रांगेत, त्या रांगेला चौथा हिस्सा, आणि बाकीच्या तीन रांगांची राखीव जागा रिकामी. जो स्विच काल एकही पॅकेट टाकत नव्हता तो आज ढिगाने टाकतो. हे सगळं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. मॅन्युअल वाचायला प्रायॉरिटी लागत नाही, चष्मा लागतो. पॉज फ्रेमबद्दल, म्हणजे गर्दी झाली की मागच्याला 'थांब' म्हणून सांगणाऱ्या ८०२.३एक्सबद्दल, एवढंच सांगतो: ती 'थांब' कुठल्या रांगेने थांबायचं ते सांगत नाही, अख्खी तार थांबवते, आणि १ जीबीपीएसवर एका फ्रेमने ३३ मिलिसेकंदांपर्यंत थांबवू शकते. एक रडतराऊत पीसी, आणि सगळा मजला गप्प.

आता इंटरनेटकडे. टेंडरमध्ये 'एंड टू एंड क्यूओएस' लिहिणाऱ्यांचे मला पाय धरावेसे वाटतात. मायक्रोसॉफ्टच्या शिफारशीप्रमाणे टीम्सच्या आवाजाला ४६, व्हिडिओला ३४, स्क्रीन शेअरिंगला १८ असे शिक्के तुम्ही इमानेइतबारे मारता. पॅकेट तुमचा राउटर ओलांडून साध्या इंटरनेटवर गेलं की त्या शिक्क्याला कुणी विचारत नाही, बऱ्याचदा तो पुसलाच जातो. यात लबाडी नाही, साधा व्यवहार आहे. अमेरिकेत इंटरनेट२ या विद्यापीठांच्या जाळ्यावर प्रीमियम सेवा आणायचा मोठा खटाटोप झाला, आणि २००२ मध्ये त्याच प्रकल्पातल्या टाइटलबाउम आणि शालुनोव यांनी ती का आली नाही आणि बहुधा कधीच का येणार नाही, हे लिहून टाकलं. त्यांच्या मुद्द्यांतला मला सर्वांत झोंबलेला असा: साधी सेवा चांगली असेल तर प्रीमियमचे पैसे कोण देईल? म्हणजे प्रीमियम विकायची असेल तर साधी सेवा वाईट ठेवण्यात विकणाऱ्याचा फायदा.

अँड्र्यू ओड्लिझ्को यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी हाच व्यवहार उघडावाघडा करून मांडला. पॅरिसच्या मेट्रोत पहिल्या वर्गाचा डबा दुसऱ्या वर्गासारखाच होता, तिकीट फक्त दुप्पट. तिकीट महाग म्हणून गर्दी कमी, आणि गर्दी कमी म्हणूनच लोक पैसे देत. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. आपल्या लोकलचा फर्स्ट क्लास दुसरं काय विकतो? तोच डबा, तीच गाडी, त्याच वेळेला अंधेरी. किंचित बरी सीट आणि कोपर टेकवायला जागा. पॅरिसने १९९१ मध्ये ते बंद केलं. आपल्याकडे २०२० च्या जुलैत एअरटेलच्या प्लॅटिनम आणि व्होडाफोन आयडियाच्या रेडएक्स योजनांनी जास्त पैसे भरणाऱ्याला फोर-जीवर झुकतं माप देऊ केलं, तेव्हा ट्रायने त्या रोखायला सांगून विचारलं, हे झुकतं माप बाकीच्या ग्राहकांच्या सेवेतून कापून देताय का? सरकारी पत्रातली भाषा जड असेल, पण प्रश्न माझाच आहे: कुणाच्या जिवावर? एका नियामकाला तो पडला. आयटी मॅनेजरला का पडू नये?

माझी पद्धत सांगतो, फुकट. वरून सुरुवात करू नका, खालून करा. आधी ठरवा कोण थांबेल. बॅकअप, विंडोज अपडेट, सीसीटीव्हीचं रात्रीचं आर्काइव्ह, ड्रोनचे व्हिडिओ. त्यांना सर्वांत खालची रांग द्या, पण उपाशी ठेवू नका, थोडा का होईना शिधा ठरवून द्या. वरच्या रांगेत फक्त आवाज, कुंपणासकट. मधलं सगळं जग एका साध्या रांगेत, आणि त्यात जमेल तिथे प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने. ऑफिसची लीज लाइन १०० एमबीपीएसची असेल तर आपल्याच राउटरवर ती ९५ ला बांधा, म्हणजे रांग आपल्या दारात लागेल, जिथे तिला शिस्त लावता येते; नाहीतर ती प्रोव्हायडरच्या बॉक्समध्ये लागेल आणि तिथे तुम्हाला कुत्रंही ओळखत नाही. शिक्का कोण मारणार ते स्विच ठरवेल, पीसी नाही. पीसीला विचारलं तर तो स्वतःला ४६ च म्हणेल, त्याच्या मालकासारखा.

खाली थांबणाऱ्यासाठी इंटरनेटने जागा करायलाही किती वेळ घेतला बघा. इथरनेटच्या टॅगमध्ये ० ते ७ असे आकडे आहेत, आणि त्यात १ हा ० च्या खाली लागतो. हे माहीत नसलेले इंजिनिअर बॅकअपला १ देतात ते बहुधा चुकून, आणि चुकून बरोबर करतात. डीएससीपीमध्ये बराच काळ ८ हा आकडा मागे थांबणाऱ्यांसाठी सांगितला जायचा. पण जुनी उपकरणं ८ बघायची, ० पेक्षा मोठा म्हणायची आणि त्याला पुढे घ्यायची. शेवटी २०१९ मध्ये आरएफसी ८६२२ ने फक्त थांबणाऱ्यासाठी वेगळा आकडा नेमून दिला. गंमत म्हणजे, आपणहून मागे थांबण्याचं व्रत खऱ्या अर्थाने कुणी पाळलं असेल तर ते बिटटोरेंटने. लेडबॅट नावाची त्यांची पद्धत, आरएफसी ६८१७, २०१२. रांगेत उशीर वाढतोय असं दिसलं की ती स्वतःचा वेग उतरवते आणि बाकीच्यांना जाऊ देते. ज्याला ऑफिसांमध्ये चोर म्हणून फायरवॉलवर अडवतात, त्याला एवढी जनाची लाज आहे.

चाकणला मी एमडी केबिनची ती ओळ काढून टाकली आणि पोर्ट साध्या रांगेत सोडला, विचारत बसलो नाही. फोन त्याच क्षणी सुधारले, मॅडमचं पालुपद बंद झालं. आणि साहेबांचे व्हिडिओ, जे आजवर दहा टक्क्यांच्या कुंपणावर डोकं आपटत सरकत होते, त्यांना अचानक उरलेली सगळी तार मोकळी मिळाली. दुसऱ्या दिवशी खुद्द साहेबांचा फोन आला. "बघा, नीट प्रायॉरिटी दिली की कसं पळतं! आधीच्या माणसाला हे जमत नव्हतं. आता असंच आमच्या फायनान्स हेडलाही करून द्या." मी म्हटलं, "हो सर, त्यांनाही अगदी तुमच्याच रांगेत टाकतो."